खेळांतून भाषेची उजळणी

मराठींत 'उजळणी' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पाढ्यांच्या पुस्तकाला जुने लोक उजळणीच म्हणत, आणि शिकलेलें पुन्हां एकदां मनापुढून नेण्यालाहि तोच शब्द आहे. दोन्ही अर्थांच्या मुळाशीं 'उजळणें' ही क्रिया आहे. पितळेची समई चार दिवस वापरली कीं काळवंडते. मग चिंच लावून ती घासावी लागते. समई नवी आणावी लागत नाहीं, तिच्यावरचा मळ तेवढा काढावा लागतो. विद्येचेंहि तसेंच आहे. एकदां नीट शिकलेला शब्द सहसा पार नाहींसा होत नाहीं. तो मनाच्या कोनाड्यांत काळवंडून पडलेला असतो, आणि ऐन वेळीं हाताला लागत नाहीं.

ही उजळणी करण्याची एक रीत मराठी घरांना चांगली परिचित होती. दिवेलागणीला शुभंकरोति झाली कीं परवचा सुरू होई. ओटीवर बसून मुलें पाढे, तिथि, नक्षत्रें एका सुरांत म्हणत, आणि त्या लयीबरोबर शब्द मनांत रुजत. शाळेंत मात्र या लयीची जागा पाटीनें आणि वहीनें घेतली. 'धडा पुन्हां वाचा', 'शब्दार्थ पांच वेळां लिहा', 'उद्यां चाचणी आहे, पाठ करून या' ह्या भाषेच्या तासाच्या ठरीव आज्ञा होऊन बसल्या. मुलांचा हात लिहीत राहतो आणि मन खिडकींतून बाहेर जातें. या कंटाळ्यावर उपाय म्हणून शिक्षकांनीं खेळ वर्गांत आणला. भेंड्या, कोडीं, जोड्या जुळविणें, शब्दांची आगगाडी, असा एखादा खेळ परीक्षेपूर्वीं खेळला जातो. वर्ग हसतो, टाळ्या वाजतात, तास केव्हां संपला तें कळत नाहीं. पण तास संपल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तोच या विषयाचा गाभा आहे: या खेळांत उजळणी झाली ती नक्की कोणाची?

तत्पूर्वीं खेळाचा उपयोग कां होतो हें पाहिलें पाहिजे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्मरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या त्यानें स्वतःच पाठ केल्या आणि किती वेळानें किती विसरलें जातें याचें काटेकोर मोजमाप ठेवलें. त्याला असें आढळलें कीं विस्मरणाचा वेग आरंभीं फार असतो आणि पुढें तो मंदावत जातो. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीं केलेल्या एका लांबलचक उजळणीपेक्षां, धडा ताजा असतांना केलेली एक लहान उजळणी आणि मग अंतराअंतरानें केलेल्या दोन-तीन उजळण्या अधिक फळ देतात.

दुसरा शोध अलीकडचा आहे. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत हेन्री रोडिजर आणि जेफ्री कार्पिकी यांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा चार वेळां अभ्यासला. दुसऱ्या कांहींनीं तो एकदांच अभ्यासला, आणि उरलेल्या तीन वेळीं उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं पाहिलें तेव्हां पहिल्यांना शेंकडा ८३ भाग आठवत होता आणि दुसऱ्यांना ७१. परंतु आठवड्यानें तीच कसोटी घेतली तेव्हां चित्र पालटलें. चार वेळां वाचणारांजवळ शेंकडा ४० उरलें होतें, आणि आठवून लिहिणारांजवळ ६१. तात्पर्य असें कीं, वाचल्यानें आल्याचा भास होतो, आठवल्यानें तें खरोखर आपलें होतें. खेळ हेंच काम हंसत खेळत करवून घेतो. भेंडींत 'क' आला कीं पुस्तक मिटलेलें असतें; शब्द मनाच्या तळांतूनच वर काढावा लागतो.

भाषेशीं खेळणें हें विद्येला कमीपणा आणणारें आहे, असें मानणारांनीं मोरोपंतांकडे पाहावें. १७२९ सालीं पन्हाळगडावर, म्हणजे कोल्हापूरच्या उशाशींच, जन्मलेल्या या पंडितकवींनीं रामकथा नाना तऱ्हांनीं रचली. त्यांच्या नांवावर एकशेंआठ रामायणें सांगतात. त्यांतलें एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठाला ओठ न लागतां उच्चारतां येईल अशा अक्षरांचें. आतां गंमत अशी कीं, ज्याची ही कथा त्या नायकाचें 'राम' हें नांवच त्यांत बसूं शकत नाहीं, कारण त्यांतला 'म' ओष्ठ्य! असा निर्बंध पडला कीं नेहमींचा शब्द हातून काढून घेतला जातो आणि दूरच्या कोपऱ्यांतला शब्द शोधावा लागतो. हाच डाव सातवीच्या वर्गांत टाकून पाहावा. 'प, फ, ब, भ, म' ह्या अक्षरांना मज्जाव करून मुलांना बाजारांतल्या वस्तूंचीं नांवें सांगावयास लावावें. पालक, भेंडी, मिरची हीं तर जातातच, पण 'बाजार' आणि 'भाजी' हे शब्दहि जातात. उरतात कांदा, काकडी, गाजर, चिंच, आलें. पांच मिनिटांत मुलांना वर्णांचें उच्चारस्थान असें समजतें कीं तें पुन्हां शिकवावें लागूं नये.

येथवर खेळाची बाजू झाली. आतां त्यांतला दोष पाहावयाचा. समजा, चाळीस मुलांचा वर्ग आहे. शिक्षकानें वीस-वीसांचे दोन गट केले आणि तासाभरांत तीस प्रश्न विचारले. ज्याला येईल त्यानें हात वर करावा, असा नियम ठेवला. अशा वेळीं हात कोण वर करतें? प्रत्येक गटांतलीं तींच तीन-चार मुलें. तिसांपैकीं चोवीस-पंचवीस उत्तरें त्यांच्याच तोंडून येतात. उरलेल्या बत्तीस मुलांच्या वाट्याला पांच-सहा प्रश्न येतात, आणि बाकी टाळ्या. वर्गांत उत्साह दिसतो तो खरा, परंतु ज्यांना सगळें येतच होतें त्यांनीं तें पुन्हां एकदां सांगितलें, याहून अधिक कांहीं घडलेलें नसतें.

बाद करण्याचा खेळ तर याहूनहि घातक. महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकवूं लागले. लहान मुलांकडून आज्ञार्थी क्रियापदांची उजळणी करून घ्यावयास 'शिवाजी म्हणतो' हा खेळ फार सोयीचा. 'शिवाजी म्हणतो, स्टँड अप' म्हटलें कीं उठावयाचें. नुसतेंच 'स्टँड अप' म्हटलें तर उठावयाचें नाहीं. पण या खेळाचा रूढ नियम असा कीं जो चुकला तो बाद. पहिल्या दोन मिनिटांत बाद होतात तीं कोणतीं मुलें? ज्यांना 'सिट' आणि 'स्टँड' यांत अजून घोटाळा वाटतो तींच. दहा मिनिटांनीं रिंगणांत पांच मुलें उरतात, आणि त्या पांचांना उजळणीची मुळींच गरज नसते. ज्यांच्यासाठीं खेळ मांडला तीं भिंतीला टेकून तो पाहत बसतात. रोग्याला दाराबाहेर बसवून निरोग्याला औषध पाजावें, असाच हा प्रकार झाला.

कोल्हापूरकरांना हा भेद समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. शाहू महाराजांनीं उभारलेलें खासबागेंतील कुस्त्यांचें मैदान १९१२ सालचें. मैदानाचा कायदा कडक असतो. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. त्यानें बाहेर जावें. परंतु मल्ल मैदानांत घडत नाहीं. तो घडतो पेठेपेठेंतल्या तालमींत. तेथें सरावाच्या लढतींत पोरगा दहा वेळां पडतो आणि दहा वेळां उठून पुन्हां जोडीदाराला भिडतो. वस्ताद पडलेल्याला हौद्याबाहेर काढीत नाहीं. तो कोणत्या डावावर पडला हें पाहून तोच डाव त्याच्यावर पुन्हां टाकावयास सांगतो. जो अधिक पडतो त्याच्या अंगाला अधिक माती लागते, आणि तोच अधिक शिकतो.

'तालीम' हा शब्दच मुळीं अरबींतून आला आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. नाटकवाल्यांनींहि तोच शब्द घेतला. खासबागेच्या शेजारीं १९१५ सालीं पॅलेस थिएटर उघडलें, तेंच पुढें केशवराव भोसले यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. प्रयोगांत नट वाक्य विसरला तर प्रेक्षक हंसतात. पण तालमींत तो ज्या वाक्यावर अडखळला तेंच वाक्य तालीममास्तर त्याच्याकडून पुन्हां म्हणवून घेतो. परीक्षा हें मैदान आहे आणि प्रयोगहि आहे. वर्गांतला उजळणीचा खेळ मात्र तालीमच असली पाहिजे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेवली कीं कोणत्याहि खेळाचे नियम कसे बदलावे हें आपोआप सुचूं लागतें.

'शिवाजी म्हणतो' मध्यें चुकलेल्याला बाद करूं नये. त्याला पुढें बोलावून पुढच्या तीन आज्ञा त्याच्याच तोंडून वदवाव्या. आज्ञा देण्यासाठीं त्याला शब्द आठवावाच लागतो, आणि चूक ही शिक्षा न ठरतां मान ठरते. भेंड्यांत हात वर करण्याची पद्धति सोडून रांगेनें पाळी ठेवावी. अडलेल्या मुलाच्या कानांत गटानें शब्द सांगावयास हरकत नाहीं, पण तो शब्द घालून वाक्य त्यानेंच केलें पाहिजे. 'ण' आणि 'ळ' यांच्यावर शब्द सुरू होत नाहींत, म्हणून तेथें शेवटून दुसरें अक्षर घेण्याची मुभा आधींच ठरवून ठेवावी, म्हणजे भांडणें टळतात. जो शब्द अडला तो चिठ्ठीवर लिहून एका डब्यांत टाकावा. पुढच्या फेरींत आणि पुन्हां पुढच्या आठवड्यांत तीच चिठ्ठी निघाली कीं अंतराअंतरानें उजळणी व्हावी हें तत्त्व त्या डब्यानेंच पाळलें असें होतें.

'नांव, गांव, फळ, फूल' हा घरोघरचा खेळ तर व्याकरणासाठींच जन्मला असावा असें वाटतें. रकाने तेवढे बदलावयाचे: नाम, विशेषण, क्रियापद आणि म्हण. अक्षर 'क' निघालें तर कंदील, कोवळा, कापणें, आणि 'कोल्हा काकडीला राजी'. जो शब्द दुसऱ्या कोणाजवळ नाहीं त्याला दहा गुण, जो दोघांनीं लिहिला त्याला पांच, हा जुना नियम तसाच ठेवावा. त्यामुळें मूल पहिल्या सुचलेल्या शब्दावर न थांबतां आणखी खोल जातें. येथें वर्गाचा हिशेब पाहावा. दहा अक्षरांना प्रत्येकीं दोन मिनिटें दिलीं तर वीस मिनिटांत प्रत्येक मुलाला चाळीस घरें भरावयाचीं असतात. चाळीस मुलांच्या वर्गांत सोळाशें वेळां स्मरणाला हांक मारली जाते. मघांच्या दोन गटांच्या सामन्यांत ती अवघी तीस वेळां मारली गेली होती.

म्हणींच्या उजळणीला जोड्यांचा खेळ चांगला. एका चिठ्ठीवर 'थेंबें थेंबें', दुसरीवर 'तळें सांचें'. एकीवर 'नाचतां येईना', दुसरीवर 'अंगण वांकडें'. चिठ्ठ्या वांटून द्याव्या आणि प्रत्येकानें आपला अर्धा भाग मोठ्यानें म्हणत जोडीदार शोधावा. यांत कोणी बाद होत नाहीं, आणि जोडी जमल्यावर दोघांनीं मिळून ती म्हण कोठें वापरतां येईल याचा प्रसंग सांगावयाचा असतो. कानगोष्टींचा खेळ उच्चारासाठीं. एक वाक्य कानोकानीं रांगेच्या टोंकापर्यंत जावें, शेवटच्या मुलानें तें फळ्यावर लिहावें, आणि मग कोठें 'बाण' चा 'बान' झाला, कोठें 'वेळ' ची 'वेल' झाली, हें मागें मागें जात सर्वांनीं शोधावें. आणि सर्वांत कठीण, पण सर्वांत गुणकारी खेळ कोडें रचण्याचा. धड्यांतला एक शब्द घ्यावा आणि त्याचें नांव न घेतां त्याचें वर्णन करावें. कोडें सोडविण्यास शब्द माहीत असला कीं पुरतें. रचण्यास त्याचा अर्थ समजावा लागतो.

कोणाला मागें टाकूं नये हा आग्रह कोल्हापूरच्या बाबतींत विशेष अर्थाचा आहे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पुस्तक शिरलें नव्हतें त्या घरांतलीं मुलें वर्गांत येऊन बसलीं. अशा मुलाला घरीं परवचा म्हणून घेणारें कोणी नव्हतें. त्याची उजळणी झाली तर ती शाळेंतच होणार होती. आजहि ज्यांच्या घरीं धडा विचारणारें कोणी नाहीं अशीं मुलें प्रत्येक वर्गांत आहेत. दार सक्तीनें उघडलें, पण आंत आलेल्याला खेळांतून बाद करून भिंतीशीं बसविलें, तर त्या उघडण्याचा अर्थ काय राहिला?

अशा मुलांना बहुतेक वेळां अडवितें तें अज्ञान नव्हे, संकोच. कोल्हापूरकडच्या बायका आणि मुली बोलतांना 'मी आलो', 'मी जातो' असेंच म्हणतात. ती त्या मातीची बोली आहे आणि तिच्यांत चुकीचें कांहीं नाहीं. पण परगांवाहून आलेल्या शिक्षकाला तें खटकतें. खेळाच्या भरांत मुलीच्या तोंडून 'मी गेलो' निघालें, शिक्षकानें भुंवई चढवली आणि दोन मुलें हंसलीं, कीं ती मुलगी पुढच्या वेळीं उत्तर येत असूनहि तोंड उघडत नाहीं. कागल-गडहिंग्लजकडच्या, घरीं कानडी बोलणाऱ्या मुलाचेंहि असेंच होतें. तालमीचा वस्ताद येथें काय करील? तो ज्या जागीं पोरगा पडला तीच जागा खेळाची करील. 'घरचा शब्द आणि पुस्तकांतला शब्द' अशा जोड्या लावण्याचा खेळ मांडला कीं दोन्हींना मान मिळतो, आणि कोणता शब्द कोठें वापरावा हें हंसें न होतां समजतें. मराठींतले 'तूप', 'अण्णा', 'अक्का' हे शब्द कानडीशीं नातें सांगणारे आहेत. असे शब्द शोधण्याचा डाव निघाला कीं काल मागें बसलेला कानडी घरचा मुलगा आज वर्गाचा वाटाड्या होतो.

यावर कोणी म्हणेल, खेळांत वेळ फार जातो, गोंगाट होतो आणि अभ्यासाचें गांभीर्य राहत नाहीं. यांतला गोंगाटाचा आक्षेप खरा आहे. पण चाळीस मुलें एका वेळीं आठवून बोलूं लागलीं तर आवाज व्हावयाचाच, आणि बाजूच्या वर्गाशीं बोलून वेळ ठरविली कीं तोहि सोसतां येतो. वेळेचा आक्षेप मात्र खेळ बेताचा ठेवून दूर केला पाहिजे. नवा धडा खेळानें शिकवूं जाऊं नये; खेळ शिकलेल्याला उजाळा देतो, न शिकलेलें तो कोठून आणणार? पंधरा-वीस मिनिटांहून खेळ लांबवूं नये, आणि शेवटचीं पांच मिनिटें शांततेसाठीं राखावीं. त्या पांच मिनिटांत प्रत्येकानें आज आपण कोठें अडलों तें वहींत लिहावें. जिंकल्याच्या आनंदांत चूक विसरली जाते, म्हणून हें लिहिणें अवश्य आहे.

गांभीर्याचें म्हणाल तर आनंद आणि गांभीर्य हे एकमेकांचे वैरी नव्हेत. हें कोल्हापुरांतच एका शाळेनें दाखवून दिलें आहे. लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं तेथें सृजन-आनंद विद्यालय सुरू केलें. राजाराम कॉलेजांत अध्यापन केलेले कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या या कन्या. मुलांनीं अनुभवांतून आणि आनंदानें शिकावें, हा विचार त्यांनीं शाळेच्या नांवांतच गोंवला, आणि आपल्या लेखनांतूनहि तो शिक्षकांपुढें सतत ठेवला. त्यांच्या विचारांतला आनंद म्हणजे घटकाभरची करमणूक नव्हे. आपल्याला कांहीं जमलें, आपल्या हातून कांहीं नवें निर्माण झालें, याचा तो आनंद. खेळांतल्या टाळ्या दुसऱ्यासाठीं वाजतात. हा आनंद मुलाचा स्वतःचा असतो.

सुशिक्षित घरांनाहि यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. दिवेलागणीचा परवचा बहुतेक घरांतून गेला, आणि त्याची जागा 'आज काय शिकवलें, सांग पाहूं' या उलटतपासणीनें घेतली. या प्रश्नांत आईवडील न्यायाधीश असतात आणि मूल आरोपी. त्याऐवजीं जेवणानंतर दहा मिनिटें 'नांव, गांव' चा एक डाव मांडावा, आणि वडिलांनींहि कागद-पेन्सिल घेऊन त्यांत बसावें. वडील 'ठ' वर अडले आणि मुलीला 'ठसठशीत' आठवला, कीं तो शब्द ती जन्मांत विसरणार नाहीं. कधीं मुलांनीं प्रश्न काढावे आणि मोठ्यांनीं उत्तरें द्यावीं. प्रश्न काढण्यासाठीं धडा दोनदां चाळावा लागतो, आणि तो न सांगतां चाळला जातो. घरांत दोन भावंडें असतील तर धाकट्याला सोपें अक्षर आणि थोरल्याला कठीण, एवढी वस्तादी मात्र आईनें अवश्य करावी.

समई उजळतांना घरची बाई तिच्यावर सगळीकडे सारखीच चिंच लावीत नाहीं. जो भाग आधींच लखलखीत आहे त्यावरून तिचा हात सहज फिरतो. जेथें तेलाची काजळी बसली आहे, नक्षीच्या खांचेंत जेथें काळें साचलें आहे, तेथें तिचें बोट थांबतें आणि पुन्हां पुन्हां घासतें. वर्गांत उजळणीचा खेळ मांडणाऱ्या शिक्षकाचें बोटहि तेथेंच थांबलें पाहिजे.